घरातल्या हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मांस, म्हणजे स्नायू, झिजू नये म्हणून काय करायचं

आपण सगळे वजनकाट्याकडं बघत बसतो, वजन तेवढंच आहे म्हणजे तब्येत बरी, पण अंगात पाणी साठत असलं तर आत मांस झिजलेलं काट्याला कळतच नाही. म्हणून टेप घ्या. सकाळी पायावर सूज नसताना पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, पुरुषांची ३४ आणि बायकांची ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांना सांगायचंच. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावा, तुम्ही शेजारी उभं राहून, धाप लागली की लगेच थांबायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तेही सांगा.

आता यात पोटाचा काय संबंध? हृदयाचं पंपिंग कमी पडलं की आतड्याला रक्त कमी पोचतं, भिंतीला सूज येते, अन्न नीट अंगी लागत नाही आणि जंतूंमधले विषारी घटक रक्तात झिरपतात, त्यानं अंगात इन्फ्लमेशन (आतला दाह) वाढतं आणि मांस झिजतं. फायबरपासून ब्युटिरेट, म्हणजे आतड्याच्या भिंतीला पोसणारं आम्ल, बनवणारे चांगले जंतू पण अशा पेशंटमध्ये कमी सापडतात.

म्हणून त्या जंतूंनाही खायला घाला. आपल्या सांगली-साताऱ्याकडं ज्वारीची भाकरी मुगाच्या नाहीतर हुलग्याच्या आमटीत कुस्करून द्यायची पद्धत आहेच, तीच चालू ठेवा, सोबत दही, अंडं चालत असेल तर अंडं. किडनी ठीक असेल तर प्रोटीन वजनाच्या किलोमागं १.१ ग्रॅम तरी हवं, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५५ ग्रॅम. पोट लवकर भरतं त्यांचं, एकदम ताट वाढू नका, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. ताक, आंबील, आमटी हे सगळं डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पाण्यातच धरायचं बरं का.

खर्डा, लोणचं, पापड यात मीठ जास्त, ते बंद. पण म्हणून लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनची (हार्ट फेल्युअरमध्ये देतात ती, पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी) गोळी चालू असेल तर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. तासगावचा बेदाणा पौष्टिक म्हणून रोज मूठभर देतात, त्यातही पोटॅशियम भरपूर, आधी डॉक्टरांना विचारा.

प्रोबायोटिकच्या (चांगल्या जंतूंच्या) महागड्या कॅप्सूलवर माझा तरी भरवसा नाही, हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर झालेल्या २०२१ च्या 'गटहार्ट' (GutHeart) नावाच्या चाचणीत तीन महिने प्रोबायोटिक यीस्ट देऊनसुद्धा पंपिंग सुधारलं नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून रोजचं थोडं चालणं आणि खुर्चीवरून उठबस सुरू करा, आणि तीन दिवसांत वजन २ किलोनं वाढलं तर ते पाणी साठल्याचं लक्षण, व्यायाम थांबवून त्याच दिवशी फोन करा.