हिशेबाची वही मिटल्यावर माणूस कसा रंगवायचा

चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. हे मला कळलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, इचलकरंजीत तीन यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहीत होतो आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर चित्रकलेशी संबंध संपला असं धरून चाललो होतो. खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले. १९६२ला बडोद्याला गेले ते कलासमीक्षा शिकायला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. पुढं बरीच वर्षं एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहायचे, उरलेल्या वेळात रंगवायचे. त्यांची चित्रं बघत मी जे शिकलो ते सांगतो. ज्यांच्या हातात फक्त रविवार आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी माणूस निवडा. रोज दिसणारा, ज्याचं काम तुम्ही निदान शंभरदा पाहिलंय असा. खख्खरांनी १९७२च्या सुमारास घड्याळ दुरुस्त करणारा रंगवला, शिंपी रंगवला. चित्रांची नावंसुद्धा पाटीवरची: 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स'. माणूस फोटो स्टुडिओत बसवल्यासारखा ताठ, आणि पाटीवर, सामानावर तेवढंच प्रेम. मी आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले मामा घेतले.

मग सामान. कॅनव्हासच्या नादाला सुरुवातीला लागू नका. दोन बाय तीन फुटांचा हार्डबोर्ड आणा, गुळगुळीत बाजूला प्रायमरचे दोन हात द्या, मध्ये काचपेपर मारा. खख्खर तैलरंग वापरायचे. ते वाळायला दिवस लागतात आणि घरात वास राहतो, म्हणून आपल्याला अ‍ॅक्रिलिक बरं.

पहिलं चित्र मी मोबाइलवर फोटो काढून, चौकोन पाडून उतरवलं. चेहरा हुबेहूब आला, बाकी काहीच नाही. बायको म्हणाली, "पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतला फोटो वाटतोय." खरं होतं. तेव्हा फोटो बाजूला ठेवा. समोरच्या कट्ट्यावर दहा-दहा मिनिटं बसून पेन्सिलीनं टिपणं काढा आणि बोर्डावर आधी दुकान उभं करा: टेबलावरची दुहेरी घोंगडी, तिचा करपलेला कोपरा, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या. माणूस शेवटी येऊ द्या. मधोमध त्याची जागा मात्र मोकळी सोडा. मी विसरलो होतो.

रंग सपाट लावा. छायाप्रकाशाची करामत इथं चालत नाही. जे रंग 'गावठी' म्हणून आपण टाळतो, पोपटी, राणी, रसगुल्ल्याच्या दुकानाचा गुलाबी, तेच घ्या. खख्खरांनी सुरुवातीच्या कोलाजांत देवादिकांची छापील चित्रंच कापून चिकटवली होती. बाजारातल्या चित्राला उच्च कलेच्या पंगतीला बसवणं, तेही मिश्किलपणे, यालाच पुढं लोक पोस्टमॉडर्न म्हणाले. १९७२च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये तर ते स्वतः जेम्स बाँड बनून उभे राहिले होते. शब्द जड आहे, माणूस चेष्टेखोर होता.

एकाच चित्रात गोष्ट सांगायची असेल तर 'यू कान्ट प्लीज ऑल' (१९८१) नीट बघा. ते लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे, इंटरनेटवरही दिसतं. गच्चीत पाठमोरा, नागवा पुरुष. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव. आपण लहानपणी ऐकलेलीच गोष्ट: कुणी गाढवावर बसलं तरी लोक बोलणारच. एकाच चौकटीत बापलेक निरनिराळ्या जागी पुन्हा पुन्हा दिसतात, आणि आपली नजर त्यांच्यामागून रस्त्यानं चालत जाते. खख्खर समलिंगी होते आणि त्याबद्दल उघडपणे बोलायची सुरुवात याच चित्रापासून धरतात. पुढच्या वर्षीचं 'टू मेन इन बनारस' तर आणखी थेट. त्या पाठमोऱ्या माणसाला कपडे घालून बघा मनातल्या मनात. चित्र निम्मं होतं.

मी ही युक्ती वापरली. मामा तीनदा काढले: सकाळी कोळसे फुंकताना, दुपारी शर्टावर इस्त्री फिरवताना, रात्री टेबलाखाली पाय दुमडून झोपलेले. तीनही वेळा तीच निळी बंडी ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला तीन भाऊ वाटतात.

पुरं झाल्यावर ज्याचं चित्र त्याला दाखवा. मामांनी स्वतःकडे पाहिलंच नाही, शर्टावर बोट ठेवलं. "सायेब, बाह्या कडक झाल्यात आन् कॉलर तशीच चुरगाळल्याली? कॉलर पयली असती."

बाह्यांवर पुन्हा सुरकुत्या काढल्यात, कॉलर पांढरी केलीय. अजून ओली आहे.