लाकूडकामाची वापरलेली यंत्रे लिलावात घेताना

बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याची यंत्रे बहुधा दोन वाटांनी लिलावात येतात. कर्ज थकलेले असेल, तर तारण असलेली यंत्रे बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकते. कंपनीच दिवाळखोरीत निघाली असेल, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार नेमलेला परिसमापक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, ती विकतो. दोन्हीकडे बोली आता बहुतेक ऑनलाइन लागते आणि दोन्हीकडची मुख्य अट एकच असते: माल जिथे आहे तिथे, जसा आहे तसा. यंत्र चालू स्थितीत आहे अशी हमी कोणीही देत नाही आणि नेल्यावर दोष सापडला तर तक्रारीला जागा उरत नाही. त्यामुळे घ्यायचे की नाही आणि घ्यायचे तर कितीपर्यंत, हे दोन्ही निर्णय पाहणीच्या दिवशीच झाले पाहिजेत.

पाहणीला जाण्याआधी विक्रीची जाहीर सूचना आणि तिच्यासोबतच्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचाव्यात. राखीव किंमत, अनामत रक्कम (ती अनेकदा राखीव किमतीच्या दहा टक्के असते), उरलेले पैसे भरण्याची मुदत, माल उचलण्याची मुदत आणि त्यानंतरचे जागाभाडे हे सारे तिथेच असते. यंत्रे सुटी विकली जाणार आहेत की लॉटमध्ये, म्हणजे एकत्र गठ्ठ्याने, हे विशेष पाहावे. एका चांगल्या पॅनेल सॉसाठी (मोठे फलक सरळ कापणारी करवत) चार गंजलेले लेथ आणि टनभर भंगारही उचलावे लागणार असेल, तर त्या भंगाराचा भाव आधीच काढून ठेवावा.

पाहणीला सरळपट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), डायल गेज (डोल मोजणारे काटेरी मापक), विजेरी आणि मेगर (मोटरीचे विद्युतरोधन तपासणारे मीटर) बरोबर न्यावे. स्वतःला मोटरीतले कळत नसेल तर वायरमन न्यावा. सुरुवात ओतीव लोखंडापासून करावी, कारण बेअरिंग, पट्टे, पाती, मोटर हे सर्व बदलता येते, पण तडा गेलेले ओतकाम पूर्ववत होत नाही. वेल्डिंग किंवा पितळी झाळकामाच्या खुणा, विशेषतः बैठकीच्या कोपऱ्यांत आणि टेबल उचलणाऱ्या सरकपट्ट्यांजवळ, शोधाव्यात. ताजा जाड रंग दिसला तर तिथे अधिक वेळ घालवावा. सरफेस प्लेनरच्या (फळीचा पृष्ठभाग रंधून सपाट करणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही टेबलांवर सरळपट्टी लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज सरकवून पाहावे. लांब टेबलावर ०.१ मिलिमीटरची फट सुताराच्या कामाला बाधत नाही. अर्धा मिलिमीटर निघाली, तर टेबल उतरवून ग्राइंडिंगला पाठवावे लागेल, आणि तो खर्च वाहतुकीसह बोलीतून वजा करावा.

त्याच यंत्रात पात्यांचा दांडा (पाती बसवलेला फिरता रूळ) कसा आहे, याबद्दल मी जराही सवलत देणार नाही. जुन्या प्लेनरमध्ये चौकोनी दांडा आढळतो. त्याच्या पात्याच्या आणि टेबलाच्या मधल्या मोठ्या पोकळीत बोटे खोलवर ओढली जातात. गोल दांड्यात ही पोकळी पुष्कळ लहान असते. चौकोनी दांडा असेल, तर गोल दांडा बसवण्याचा खर्च धरूनच यंत्राचा विचार करावा. तो बसत नसेल, तर यंत्र सोडून द्यावे. गोल दांड्यातही पाती आवळणाऱ्या पाचरी आणि बोल्टांचे आटे तपासावेत, कारण झिजलेल्या आट्यातून सुटलेले पाते पूर्ण वेगात बाहेर फेकले जाते.

बेअरिंग हाताने फिरवून ऐकावे. खरखर ऐकू आली तर घाबरू नये, बेअरिंग स्वस्तात बदलता येते. मात्र डायल गेज लावून दांडाच वाकलेला निघाला, तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. बँडसॉची दोन्ही चाके फिरवून ती डुलतात का आणि त्यांवरचे रबर किती उरले आहे, ते पाहावे. पॅनेल सॉमध्ये सरकते टेबल पूर्ण लांबीभर एकसारखे सरकले पाहिजे, खाच पाडणारे छोटे पाते आपल्या जागी असले पाहिजे आणि मुख्य पात्यामागची फाळ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) शाबूत असली पाहिजे. एज बँडरसारख्या (फलकाच्या कडेला पट्टी चिकटवणाऱ्या) यंत्रात लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉनिक भाग महत्त्वाचे असतात. नियंत्रक चालू करून दाखवता येत नसेल, तर त्याची किंमत शून्य समजावी.

मोटरीच्या पाटीवरून व्होल्ट, अश्वशक्ती आणि फेरे लिहून घ्यावेत. आपल्याकडे थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ६० हर्ट्झसाठी बनलेली आयात मोटर इथे सुमारे पाच षष्ठांश वेगाने फिरते आणि कापाची सफाई घटते. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला, तर रीवाइंडिंगचा (मोटरीची तार नव्याने गुंडाळण्याचा) खर्च धरावा. आपल्या शेडला थ्री फेज जोडणी आणि पुरेसा मंजूर भार आहे का, हे महावितरणच्या बिलावर आधीच पाहून ठेवावे.

गोल लाकूड चिरणारी मोठी बँडसॉ लिलावात स्वस्त वाटते, परंतु आरागिरणीला वन खात्याचा परवाना लागतो आणि तो यंत्राबरोबर मिळत नाही. हॉट प्रेसबरोबर (उष्णता आणि दाबाने थर चिकटवणारे यंत्र) बॉयलर येत असेल, तर त्याच्या नोंदणीची आणि तपासणीची कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर बॉयलर भंगाराच्या वजनाने मोजावा.

यानंतर कमाल बोली काढावी, आणि ती नव्या यंत्राच्या किमतीवरून उलट्या दिशेने काढावी. समजा, तशाच नव्या देशी यंत्राला करासह तीन लाख पडतात आणि जुने यंत्र पूर्ण दुरुस्त होऊन त्याच्या साठ टक्क्यांत, म्हणजे १,८०,००० रुपयांत, उभे राहिले तरच ते घेण्यात अर्थ आहे. क्रेन आणि ट्रक २५,०००, बेअरिंग, पाती, पट्टे आणि रीवाइंडिंग ३५,०००, संरक्षक झाकणे आणि धूळ ओढण्याची जोडणी १०,००० वजा जाता १,१०,००० उरतात. त्यात १८ टक्के जीएसटीही बसवायचा असल्याने कमाल बोली साधारण ९३,००० येते. जीएसटी नोंदणी असलेल्याला या कराचे क्रेडिट मिळू शकते. नसलेल्याला तो खर्चच आहे. अनेक लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते आणि त्या वाढीव वेळेत माणसे ठरवलेला आकडा ओलांडतात. आपला आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा आणि तो आला की थांबावे. जिंकून पैसे भरले नाहीत, तर अनामत रक्कम जप्त होते.

पाहणीच्या दिवशी प्रत्येक मोटरीच्या पाटीची, क्रमांकाची आणि सुट्या भागांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ताबा घेताना ती जुळवावीत. फेन्स (लाकूड टेकवायची आधारपट्टी), झाकणे, नट-बोल्टचे पाने, जादा पाती शेजारच्या कपाटात असतील आणि लॉटच्या यादीत असतील, तर ती त्याच वेळी उचलावीत. यंत्र टेबलाला दोर बांधून कधीही उचलू नये. उचलण्याचे पट्टे बैठकीखालून घ्यावेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेरून पन्नास हजारांच्या वर मालाची किंमत असेल, तर ई-वे बिल (माल वाहतुकीचे जीएसटीचे ऑनलाइन कागदपत्र) लागते.

शेडमध्ये आल्यावर यंत्र लेव्हलमध्ये बसवावे, मोटरीचा पट्टा काढावा आणि मगच वीज द्यावी. दोन फेज उलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते, पात्याचा नट सैल होऊ शकतो. म्हणून दिशा बरोबर आहे हे पाहिल्याशिवाय पट्टा चढवू नये. त्यानंतर पाती न लावता यंत्र अर्धा तास चालवावे, बेअरिंगवर हात ठेवता येतो का ते यंत्र बंद करून पाहावे, झाकणे बसवावीत आणि त्यानंतरच पहिली फळी लावावी.