फ्लुकोनाझोल घेऊनही अन्ननलिकेतली बुरशी जात नाहीये? मग हे बघा

घास गिळताना छातीत दुखतंय, एंडोस्कोपीत पांढरे चट्टे दिसले, कॅन्डिडा (हीच ती बुरशी) निघाला, फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू केलं आणि तरी फरक नाही, म्हणजे लगेच रेझिस्टन्स आला, बुरशी औषधाला दाद देईनाशी झाली, असं नसतं. आधी डोस बघा. अन्ननलिकेसाठी मोठ्या माणसाला साधारण रोज २०० ते ४०० मिलीग्रॅम आणि तेही १४ ते २१ दिवस देतात. गजकर्णाला मेडिकलवाला देतो तशी आठवड्याला १५० ची एक गोळी इथे उपयोगाची नाही, उलट अशा तुटक गोळ्या वरचेवर खाल्ल्या की औषधाला दाद देणारी बुरशी कमी होते आणि चिवट तेवढी मागे उरते. डोस बरोबर असेल तर आठवडाभरात गिळताना बरं वाटायला हवं. नाही वाटलं तर कोर्स संपायची वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा, आणि पाणीसुद्धा उतरत नसेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ भरत नसाल, शुगर वाढलेली असेल, तर बुरशी परत परत येते आणि दोष औषधाला लागतो. एचआयव्ही टेस्ट झाली नसेल तर लाजू नका, करून घ्या.

आता खरं महत्त्वाचं. परत एंडोस्कोपी ठरली तर आधीच विचारा, "डॉक्टर, एक तुकडा फंगल कल्चरला पाठवाल का?" म्हणजे लॅबमध्ये त्यातली बुरशी वाढवून तपासतात. कारण बायोप्सीचा तुकडा सहसा फॉर्मॅलिन या रसायनात टाकतात, त्यात बुरशी मरते, मग कल्चर कसलं होणार? कल्चरचा तुकडा वेगळ्या बाटलीत, सलाईनमध्ये जायला हवा. आणि नुसतं "कॅन्डिडा स्पीसीज" असा रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका, जात कोणती आणि कुठलं औषध चालतं हे दोन्ही मागा. कॅन्डिडाच्या जातींपैकी क्रुसेई निघाला तर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, ग्लाब्राटाला जास्त डोस लागतो किंवा औषधच बदलावं लागतं, आणि नेहमीचा अल्बिकन्ससुद्धा औषध पेशीबाहेर फेकणारे पंप वाढवून चिवट होऊ शकतो. रिपोर्टमधले एमआयसीचे आकडे (बुरशीची वाढ थांबवायला औषध किमान किती लागतं ते) दोन औषधांत एकमेकांशी ताडून बघू नका हं, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी असते.

पुढचं औषध डॉक्टरच ठरवणार, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, नाहीतर अ‍ॅडमिट करून कॅस्पोफंगिनसारखं शिरेतून. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल जेवणानंतर आणि लिक्विड उपाशीपोटी, हे उलटं करणारे खूप जण आहेत. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ती कॅप्सूल नीट अंगीच लागत नाही. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा शुगरची ग्लिमेपिराइड घेत असाल तर पहिल्याच भेटीत सांगा, या अँटीफंगल गोळ्यांनी रक्त जास्त पातळ होऊ शकतं, शुगर एकदम उतरू शकते.

आणि पोट बिघडलं म्हणून केलेल्या स्टूल रिपोर्टमध्ये नुसत्या "यीस्ट सेल्स" (कॅन्डिडासारख्या बुरशीच्या पेशी) दिसल्या तर फ्लुकोनाझोल मागायला धावू नका, धडधाकट माणसाच्या आतड्यातही कॅन्डिडा असतोच.