संत्र्याची साल पिठात घाला

नागपुरी संत्र्याची साल फेकू नका. हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट रसापेक्षा सालीत, विशेषतः आतल्या पांढऱ्या थरात, जास्त असतं. तो थर खरवडून काढणं म्हणजे नुकसानच. फळं मात्र माहितीतल्या बागेतली, कमी फवारणीची हवीत. मेण लावलेली चकचकीत फळं यासाठी नकोतच. चोळून धुवा, सालीच्या पातळ पट्ट्या करून सावलीत वाळवा. कडक उन्हात सुवास उडतो. हवा दमट असेल तर ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर, साल कडकन मोडेपर्यंत. मग दळून, चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत अंधाऱ्या जागी ठेवा. थालीपीठ किंवा नाचणीच्या बिस्किटांसाठी वाटीभर पिठाला अर्धा चमचा पुरे. त्याहून जास्त झाली की कडवटपणा वर येतो.