नेब्रास्कात जमीन कसायला गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, विशेषतः नेब्रास्कात, एकोणिसाव्या शतकात वस्ती करणाऱ्या पूर्वजाचा शोध घरातल्या सर्वांत अलीकडच्या पिढीपासून सुरू करावा आणि एकेक पिढी मागे जावे. एकाच काउंटीत (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यात) एकाच नावाची दोन माणसे सर्रास सापडतात; मधली कडी सोडली की भलत्याच घराण्याची वंशावळ आपल्या माथी येते. कौटुंबिक बायबल, थडग्यावरील मजकूर आणि मृत्यूची बातमी आधी गोळा करावी.

त्यानंतर जनगणना पाहावी. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव १८५० पासून नोंदलेले आहे, तर कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून. १८९० च्या बहुतेक नोंदी १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाल्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यामधली वीस वर्षे दुसऱ्या कागदांनी भरून काढावी लागतात. नावाचे स्पेलिंग गणनेदाराने कानाला जसे लागले तसे लिहिले असण्याची शक्यता असल्याने वय, जन्मस्थळ आणि मुलांची नावे जुळतात का ते पाहावे.

खरा खजिना जमिनीच्या फायलीत असतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षांच्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, परंतु पाच वर्षे तिथे राहून ती कसल्याचे सिद्ध करावे लागे. विधवा आणि अविवाहित स्त्रियाही दावा करू शकत, म्हणून केवळ पुरुषांची नावे शोधू नयेत. सरकारी भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर मालकीपत्र विनामूल्य पाहता येते. त्यावर नाव आणि जमिनीचे वर्णन यांपलीकडे फारसे काही नसते, पण त्यावरील भूमी कार्यालयाचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक राष्ट्रीय अभिलेखागारातील मूळ फाइल मागवायला पुरेसे असतात. त्या फाइलीत दावेदाराची व दोन साक्षीदारांची जबानी असते: घर मातीच्या ढेपांचे की लाकडाचे, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरले, कोणते पीक घेतले. परदेशात जन्मलेल्या दावेदाराचे नागरिकत्वाचे कागदही त्यातच सापडतात आणि मूळ देशाकडचा रस्ता तिथून उघडतो. मालकीपत्र सापडले नाही म्हणून तो माणूस तिथे नव्हताच असे समजू नये. कित्येकांनी दुष्काळाला किंवा टोळधाडीला कंटाळून दावा सोडला, आणि असे रद्द झालेले दावे भूमी कार्यालयाच्या नोंदवह्यांत मिळतात.

जमीन कोणाकडून आली हेही नोंदवावे, असे मला आग्रहाने वाटते. आग्नेय नेब्रास्कातील मोठा प्रदेश ओटो-मिसूरिया या मूळनिवासी जमातीकडून १८५४ च्या तहाने सरकारकडे आला होता. एवढे सांगितल्याशिवाय कुटुंबाचा वृत्तांत अपुरा राहतो.

स्त्रियांचे माहेरचे नाव हा बहुतेकांना अडवणारा टप्पा आहे. पूर्वज १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात संघराज्याच्या (उत्तरेच्या) सैन्यात असल्यास विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल अवश्य मागवावी, कारण विवाह आणि लहान मुलांचे जन्म तिला पुराव्यानिशी दाखवावे लागत. अशी फाइल नसल्यास काउंटी न्यायालयातील वारसाहक्काची प्रकरणे वाचावीत, आणि साक्षीदारांच्या नावांची वेगळी यादी करून कुटुंब आधी ज्या राज्यात राहत होते तिथल्या जनगणनेत तीच नावे शोधावीत. शेजारी म्हणून सही करणारा माणूस पुष्कळदा पत्नीचा भाऊ निघतो.