सुंदा लग्नाला जाताय? निदान या चुका तरी टाळा

इंडोनेशियातल्या बांडुंगला येऊन मला अकरा वर्षं झाली. नवरा कापड गिरणीत, आणि या पट्ट्यातल्या गिरण्यांमध्ये आपल्याकडची माणसं सतत येत-जात असतात. कुणा सहकाऱ्याच्या घरी लग्न निघालं की मला फोन येतो, "वहिनी, उद्या तो जावाचा ड्रेस घालायचाय, कसा घालतात?" या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक "जावाचा", दुसरी "उद्या".

आधी "जावाचा". बांडुंग, गारुत, सुमेदांग, तासिकमलाया ही गावं जावा बेटावरच आहेत, पण इथली माणसं सुंदा. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पोशाखही वेगळा. जावानीज म्हटलेलं त्यांना रुचत नाही, आणि त्याची मुळं फार जुनी आहेत. १३५७ मध्ये मुलीचं लग्न लावायला माजापाहितला, म्हणजे जावानीज राज्यात, निघालेला सुंदा राजा वऱ्हाडासकट तिथल्या बुबातला मारला गेला, ही गोष्ट इथे अजून सांगतात. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या माजापाहितच्या राजाचं, हयाम वुरुकचं, नाव बांडुंगमधल्या रस्त्याला मिळालं ते थेट २०१८ मध्ये. आता तुम्हीच ठरवा, अशा गावात लग्नाला काय घालून जायचं.

इचलकरंजीचा एक मुलगा नुकताच रुजू झाला होता. सुट्टीत योग्याकार्ताला, म्हणजे जावानीज मुलखात, फिरून आला तो तिथल्या पोशाखाचा अख्खा संच घेऊनच: पट्ट्यापट्ट्यांचा सुर्जान म्हणजे अंगरखा, मागे गाठोडं असलेली ब्लांगकॉन टोपी, आणि पाठीशी खोचायला खोटी क्रिस, म्हणजे कट्यार. मला विचारलं असतं तर! गारुतच्या मांडवात तो असा उतरला आणि माझ्या पोटात गोळा आला. सुंदा माणूस तोंडावर काही बोलत नाही, फक्त हसतो. नवरीचे आजोबाही हसले. म्हणाले, "कसेप. तापी इयू माह जावा." म्हणजे, देखणा दिसतोस, पण हे मात्र जावाचं. मग त्याला ओसरीवर बसवलं, क्रिस अलगद काढून कपाटावर ठेवली, आतून स्वतःचं एक इकेत, म्हणजे डोक्याला बांधायचं कापड, मागवलं आणि दोन मिनिटांत बांधून दिलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंमध्ये हा मुलगा कपाळापर्यंत गारुत आणि खाली योग्याकार्ता.

तर ओळखायचं कसं? मागे गाठोडं असेल तर योग्याकार्ताचं ब्लांगकॉन, मागून सपाट असेल तर सोलो या दुसऱ्या जावानीज शहराचं. दोन्ही इथे नकोत. सुंदांची घडवलेली कडक टोपी म्हणजे बेंदो. ती नवरदेव आणि बडी मंडळी घालतात. बाकीच्यांनी इकेत. मीटरभर चौकोनी कापड, तिरकी घडी घालून त्रिकोण करायचा आणि डोक्याला बांधायचा. बांधायच्या तऱ्हा पुष्कळ. जुलांग ङापाक म्हणजे पंख फडफडवणारा धनेश. बारांगबांग सेम्प्लाक म्हणजे मोडून लोंबणारी सुकी झावळी. यात टाळू उघडी राहते. नवशिक्याला नेमकी तीच झावळी हवी असते, कारण फोटोत रुबाबदार दिसते. आणि पहिल्याच ताटापाशी ती खरंच लोंबायला लागते. मी पारेकोसच शिकवते. डोकं पूर्ण झाकतं, गाठ मागे पक्की बसते. ते दहा वेळा नीट जमल्याशिवाय पुढचं विचारायचं नाही.

शिवलेलं, इलॅस्टिकवालं तयार इकेतही बाजारात मिळतं. शिवलेल्या नऊवारीबद्दल माझं जे मत आहे, तेच याबद्दल.

आता "उद्या". सांपिंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, आदल्या दिवशी शिकून होत नाही. आणि यात सगळ्यात जास्त फसतात त्या रोज साडी नेसणाऱ्या बायका, कारण त्यांना वाटतं आपल्याला हे येतंच. मीही त्यातलीच. सांपिंग म्हणजे अडीच मीटर लांब, मीटरभर रुंद बातिक. साडीच्या निऱ्या कमरेला खोचल्या की खाली मोकळ्या सुटतात. इथे निऱ्या कापडाच्या बाहेरच्या काठावर, मिटलेल्या पंख्यासारख्या चपट्या बसवायच्या. परकर नाही, खोचणं नाही. कमरेच्या पट्ट्यावर सगळी भिस्त. माझ्या पहिल्या लग्नात (म्हणजे इथल्या पहिल्या) मी सकाळी सहाला घाईघाईत निऱ्या घातल्या, भरवसा नको म्हणून पाच सेफ्टी पिना लावल्या, आणि पंगतीत सवयीने मांडी घालून बसले. दोन पिना सुटल्या, तिसरीने कापड टरकावलं. शेजारच्या बाईंनी मुकाट्याने आपलं कारेंबोंग, म्हणजे खांद्यावरचं वस्त्र, माझ्या मांडीवर पसरलं. इथे बायका दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसतात, त्याला एमोक म्हणतात. सांपिंगमध्ये दुसरं काही शक्यच नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता मी निऱ्या रात्रीच घालते. दोन बोटं रुंद, सात किंवा नऊ, वर-खाली कपड्यांचे चिमटे लावून गादीखाली. खळ घालत नाही, कागदासारखी वाजते. गुंडाळताना आतलं टोक जरा वर ओढलं की घोट्याशी घेर निमुळता होतो. पावलं लहान टाकायची. पॉलिएस्टरचं छापील कापड घेऊ नका, निऱ्या दहा मिनिटं टिकत नाहीत. सुती घ्या आणि उलटून बघा. मागची बाजू पांढरट असेल तर ते नुसतं छापलेलं. गारुतची साय-पिवळ्या रंगावरची नक्षी मला सगळ्यात आवडते.

सराव बुधवारी करा. बांडुंगमध्ये २०१३ पासून बुधवार हा सुंदा कपड्यांचा दिवस आहे. त्या दिवशी तुमचं इकेत वाकडं बसलं तरी कुणी वळून बघत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगते. काळी ढगळ पांग्सी हा शेतकऱ्याचा, सिलात ही इथली युद्धकला खेळणाऱ्याचा वेश; तिच्यावर मखमली कोट आणि बेंदो म्हणजे पुणेरी पगडीखाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी. क्रिस नवरदेवाने लावायची, पाहुण्याने नाही. सिगर हा नवरीचा दीड-दोन किलोंचा मुकुट. स्टुडिओत भाड्याने मिळतो म्हणून करवलीने मिरवू नये. कारेंबोंग एका खांद्यावरून सोडायचं, ओढणीसारखं गळ्याशी घ्यायचं नाही. केलोम गेउलिस, म्हणजे तासिकमलायाच्या रंगवलेल्या लाकडी खडावा, ओल्या फरशीवर नकोत. पश्चिम जावाचे गव्हर्नर देदी मुल्यादींचं पांढरं इकेत बघून तसंच हवं असेल तर खुशाल घ्या. पण आतल्या बादुईंचे, म्हणजे डोंगरात जुन्या रीतीने राहणाऱ्या जमातीचे, पांढरे कपडे हा त्यांचा धर्म आहे, ऑफिसच्या कार्यक्रमात त्यांचं सोंग आणू नका.

आणि घरी आल्यावर बातिक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. इथे ते लेराकने धुतात. मी पहिल्यांदा बाजारात ती फळं बघितली आणि हसूच आलं, कारण तो आपल्या रिठ्याचाच भाऊबंद. कोमट पाण्यात चोळायची, फेसात कापड बुडवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. माझ्या गारुतच्या सांपिंगवर मधोमध एक फिकट पट्टा आहे. साबणाचा नाही, एका दुपारच्या उन्हाचा.