न्यूरोडायव्हर्जंट तरुणांसाठी युवागट: पहिल्या दिवसाआधीची तयारी

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या समन्वयातील अडचण) किंवा टूरेट सिंड्रोम (आपोआप होणाऱ्या हालचाली व आवाज) असलेली, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची काम करण्याची पद्धत बहुसंख्यांपेक्षा वेगळी असलेली) मुले-मुली आपल्या युवागटात येणार आहेत असे कळले की बहुतेक कार्यकर्ते त्यांची माहिती गोळा करायला लागतात. पाहणी खरे तर आपल्या जागेची, वेळापत्रकाची आणि सवयींची व्हायला हवी. शिवाय अनेकांचे, विशेषतः मुलींचे, निदान उशिरा होते किंवा होतच नाही. म्हणून पुढील तयारी प्रत्येक उपक्रमासाठी करावी आणि कोणत्याही सोयीसाठी प्रमाणपत्र मागू नये. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे तिसावे कलम करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातील सहभागाबद्दल आहे. त्यामुळे या सोयी करताना आपण कुणावर उपकार करत आहोत, ही भावना मनात असू नये.

सुरुवात नोंदणीच्या फॉर्मपासून करावी. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाऐवजी आवाज, प्रकाश, गर्दी, स्पर्श, खाणे यांपैकी कशाचा त्रास होतो, कशाने बरे वाटते आणि ‘आता पुरे’ हे तुम्ही कसे सांगाल, असे विचारावे. पालकांची उत्तरे घ्यावीत, पण त्या तरुणाचे किंवा तरुणीचे स्वतःचे उत्तर वेगळे घ्यावे आणि ते कोण वाचणार आहे हे फॉर्मवरच लिहावे. एडीएचडीच्या काही औषधांनी दुपारी भूक मंदावते आणि संध्याकाळी औषधाचा असर उतरल्यावर ती लागते. निवासी शिबिर असेल तर जेवणाच्या ठरलेल्या वेळेनंतरही खायला काहीतरी हाताशी ठेवावे.

त्यानंतर आगाऊ माहिती पाठवावी. प्रवेशद्वार, खोली, स्वच्छतागृह आणि भेटणारी माणसे यांचे फोटो, काय केव्हा सुरू होईल व केव्हा संपेल, उशीर झाला तर काय होईल, मधूनच घरी जायचे असेल तर कुणाला सांगायचे, हे सगळे त्यात असावे. मजकूर १२ ते १४ पॉइंटच्या साध्या अक्षरांत आणि लहान परिच्छेदांत असावा. कार्यक्रमात बदल झाला, तर तो लहान वाटला तरी लगेच कळवावा.

जागेची पाहणी उपक्रमाच्या वेळेलाच जाऊन करावी, कारण सकाळी शांत असलेली खोली संध्याकाळी तशी राहीलच असे नाही. फडफडणारी ट्यूबलाइट, फरशीवर घासणाऱ्या खुर्च्या, फिनेलचा उग्र वास, हात सुकवायच्या यंत्राचा अचानक उठणारा घरघराट, यांची आपल्याला सवय झालेली असते. एखाद्याला मात्र त्यामुळे समोरचे बोलणेच ऐकू येईनासे होते. संवेदनांबाबतची अति किंवा अल्प प्रतिक्रियाशीलता २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही स्वमग्नतेच्या निकषांमध्ये आहे. हे नखरे नव्हेत. एक शांत खोली राखून ठेवावी. ती सामान ठेवायची किंवा कार्यकर्त्यांच्या ये-जा करण्याची खोली नसावी, तिथे दिवा मंद करता यावा, दाराला बाहेरून कडी लावली जाऊ नये आणि आत जाण्यासाठी परवानगी लागू नये. ही खोली शिक्षेसाठी एकदा जरी वापरली, तरी पुन्हा तिथे कुणी आपणहून जाणार नाही.

उपक्रम आखताना ‘उभे राहून नाव आणि एक गंमत सांगा’ अशा फेरीत पाळी सोडून देण्याची मुभा सुरुवातीलाच जाहीर करावी. मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही नको. दोन कर्णधारांनी एकेक गडी निवडण्याची पद्धत बंद करावी, कारण शेवटी कोण उरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. सूचना एका वेळी एकच द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. नजर न मिळवणारा, येरझाऱ्या घालणारा, हातात काही चाळवत बसलेला मुलगा बहुधा लक्षपूर्वक ऐकत असतो. मधल्या सुटीचीही आखणी करावी. काहीच ठरलेले नसलेली ती पंधरा मिनिटे अनेकांना सर्वांत जड जातात.

गटातील इतरांशीही बोलावे. समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की स्वमग्न आणि इतर व्यक्तींमधली समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते. ती बुजवण्याचे काम एकट्या स्वमग्न मुलावर सोपवणे अन्यायाचे आहे.

कुणाचा ताण अनावर झाला तर जवळ कोण थांबेल आणि बाकीच्यांना बाहेर कोण नेईल, हे नावानिशी आधी ठरवावे. अशा वेळी बोलणे कमी करावे, न विचारता स्पर्श करू नये, चित्रीकरण होऊ देऊ नये आणि नंतर खुलासा मागू नये. ताण आला की गप्प होऊन कोपऱ्यात बसणारी मुलगी सहज नजरेतून सुटते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारीही कुणावर तरी टाकावी.

काही जण दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी गेल्यावर कोसळतात. म्हणून ‘मजा आली ना?’ असे निघताना दारात विचारून भागत नाही. दोन दिवसांनी लेखी किंवा बोलक्या संदेशातून, ज्याला जसे सोयीचे असेल तसे, काय जड गेले ते विचारावे, आणि पुढच्या आखणीच्या बैठकीला त्यांच्यापैकी दोघा-तिघांना, मानधन देत असल्यास इतरांइतकेच मानधन देऊन, बोलवावे.